निर्भय जोआओ

३१ ऑगस्ट १९६९ हा रविवार ब्राझीलच्या इतिहासात दोन कारणांनी नोंदला गेला. राष्ट्राध्यक्ष कोस्ता ए सिल्व्हा पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. राज्यघटनेनुसार त्यांची जागा उपाध्यक्ष पेद्रो अलेशो यांनी घ्यायची. परंतु ते गणवेशधारी नव्हते. त्यामुळे त्यांना बाजूला सारून सेना, नौदल आणि हवाई दल या तिन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी त्या दिवशी देशाची सूत्रे आपल्या हाती घेतली. त्याच दिवशी रिओ द जानेरोच्या माराकाना मैदानावर ब्राझील आणि पॅराग्वे यांच्यात विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा अखेरचा सामना झाला. तिकीट काढून आत आलेल्या प्रेक्षकांची संख्या १,८३,३४१ भरली. पेले यांनी उत्तरार्धात केलेल्या एकमेव गोलने सामना जिंकला आणि मेक्सिकोतील विश्वचषक स्पर्धेत ब्राझीलचा प्रवेश निश्चित झाला. ज्या देशात चार माणसांनी एकत्र जमून राजकारणावर बोलणेही धोक्याचे होते, त्या देशात पावणेदोन लाखांहून अधिक लोक एका सुरात एका संघाचा जयघोष करीत होते. आणि त्या संघाच्या बाकावर बसलेला प्रशिक्षक बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाचा जुना कार्यकर्ता होता.

जोआओ साल्दान्या हे त्यांचे नाव. गोव्यात आणि कोकण किनाऱ्यावर साल्ढाणा या रूपात परिचित असलेले हे पोर्तुगीज आडनाव. ब्राझीलमध्ये मात्र ते उच्चारले की आजही प्रथम आठवतो तो सत्तेपुढे न वाकलेला फुटबॉल प्रशिक्षक. नाटककार आणि स्तंभलेखक नेल्सन रोद्रीगेस यांनी त्यांना निर्भय जोआओ अशी पदवी दिली होती. स्वतः रोद्रीगेस उजव्या विचारांचे, लष्करी राजवटीचे उघड समर्थक होते. राजकीय प्रतिस्पर्ध्यानेही ज्याच्या धाडसाची अशी वाखाणणी करावी, असा हा माणूस होता.

साल्दान्या यांचा जन्म ३ जुलै १९१७ रोजी ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे दो सुल राज्यातील अलेग्रेते या गावी झाला. उरुग्वे आणि अर्जेंटिना यांच्या सीमांना लागून असलेला हा मुलूख गुराख्यांचा, घोड्यांचा आणि बंडांचा. १९२३ मध्ये या राज्यात दोन राजकीय गटांत सशस्त्र यादवी माजली, तेव्हा जोआओ सहा वर्षांचे होते. वडील वकील आणि राजकारणात गुंतलेले असल्याने घरात शांततेचे दिवस थोडे आणि धावपळीचे फार. पुढे हे कुटुंब पाराना राज्यात आणि तेथून रिओ शहरात स्थायिक झाले. कोपाकबानाच्या वाळूत अनवाणी पायांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांत जोआओही सामील झाले. बोताफोगो क्लबशी त्यांचे नाते जडले ते याच वयात आणि ते अखेरपर्यंत टिकले.

तरुणपणी त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. परंतु मन रमले ते कम्युनिस्ट पक्षाच्या कामात. दुसऱ्या महायुद्धानंतर थोडा काळ या पक्षाला उघडपणे काम करता आले. १९४७ मध्ये त्याच्यावर पुन्हा बंदी आली आणि कार्यकर्ते भूमिगत झाले. उत्तर पारानातील पोरेकातू भागात जमिनीच्या हक्कासाठी शेतकऱ्यांनी शस्त्रे उचलली, तेव्हा पक्षाच्या वतीने तेथे गेलेल्यांत साल्दान्या होते. १९५३ मध्ये साओ पावलोत कामगारांचा मोठा संप झाला, त्याच्या संघटनेतही त्यांचा हात होता. या काळातील त्यांच्या हालचालींचा सगळा तपशील जुळवणे चरित्रकारांनाही अवघड गेले. त्याला एक कारण भूमिगत जीवनाचे आणि दुसरे खुद्द साल्दान्यांच्या स्वभावाचे. गोष्ट रंगवून सांगण्याचा त्यांना विलक्षण सोस होता. माओच्या लाँग मार्चमध्ये आपण चाललो, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजेबरोबर आपण होतो, अशा कथा त्यांच्या नावावर जमा आहेत. ऐकणाऱ्यांना त्यातले खरे किती हे ठाऊक असे, तरीही मैफल सोडून कोणी उठत नसे.

फुटबॉलच्या इतिहासात त्यांचा प्रवेश झाला तोही काहीसा अनपेक्षित. १९५७ मध्ये बोताफोगोला प्रशिक्षकाची गरज होती. क्लबच्या कारभारात वावरणाऱ्या साल्दान्यांकडे ती जबाबदारी आली. प्रशिक्षक म्हणून कसलाही पूर्वानुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. मात्र त्यांच्या हाताखाली गॅरिंचा, डीडी आणि निल्टन सान्तोस यांच्यासारखे खेळाडू होते. अशा खेळाडूंना खेळ शिकवायचा नसतो, त्यांना खेळू द्यायचे असते, ही त्यांची धारणा होती. त्या वर्षीच्या रिओ अजिंक्यपद स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात फ्लुमिनेन्सला केवळ बरोबरी पुरेशी होती. बोताफोगोने तो सामना ६-२ असा जिंकला. पाउलिन्हो व्हॅलेंतिम याने एकट्याने पाच गोल केले. १९४८ नंतर प्रथमच बोताफोगोला हे अजिंक्यपद मिळाले होते. पुढच्या वर्षी ब्राझीलने स्वीडनमध्ये पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा कणा याच क्लबने पुरवला होता.

१९५९ मध्ये साल्दान्यांनी बोताफोगोचे प्रशिक्षकपद सोडले आणि ते वृत्तपत्रे, आकाशवाणी व दूरचित्रवाणीकडे वळले. त्यांची खरी लोकप्रियता येथे बहरली. फुटबॉल समालोचनात तोवर अलंकारिक, भारदस्त भाषेचा बोलबाला होता. साल्दान्या श्रोत्यांना मित्र म्हणून साद घालत आणि रिओच्या गल्लीत, पानाफुलांच्या टपरीपाशी, बसच्या थांब्यावर जशी भाषा ऐकू येते तशा भाषेत बोलत. क्लबचे पदाधिकारी, दलाल, पंच, खेळाडू यांच्यापैकी कोणाचीही भीड त्यांनी बाळगली नाही. १९६३ मध्ये त्यांनी फुटबॉलच्या पडद्याआडच्या जगाविषयी एक पुस्तक लिहिले. बोताफोगोच्या दौऱ्यांतील गमतीजमती आणि खेळाडूंच्या जिण्यातले कष्ट त्यात शेजारी शेजारी आले आहेत. रविवारी रात्री दूरचित्रवाणीवर होणाऱ्या चर्चेत साल्दान्या काय म्हणतात, हे ऐकल्याशिवाय रिओच्या फुटबॉलवेड्यांना झोप येत नसे.

मात्र या काळात राष्ट्रीय संघाची पत घसरत चालली होती. १९५८ आणि १९६२ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकलेला ब्राझील १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्याच फेरीत गारद झाला. बल्गेरियाला हरवल्यावर हंगेरी आणि पोर्तुगाल या दोघांकडूनही ब्राझीलला १-३ असा पराभव पत्करावा लागला. त्या स्पर्धेपूर्वी तयारीसाठी चाळीसहून अधिक खेळाडू बोलावण्यात आले होते आणि अखेरच्या क्षणापर्यंत कोणालाही आपली जागा ठाऊक नव्हती. प्रत्येक राज्याच्या, प्रत्येक बड्या क्लबच्या पदाधिकाऱ्याला खूश ठेवण्याच्या खटाटोपातून तो संघ तयार झाला होता. परिणामी रिओचे प्रेक्षक साओ पावलोच्या खेळाडूंची हुर्यो उडवत आणि साओ पावलोत त्याची परतफेड होई. राष्ट्रीय संघ सर्वांचा म्हणवला जात असे. पण त्याला आपला मानणारा पाठीराखा शोधावा लागत होता.

अशा स्थितीत ४ फेब्रुवारी १९६९ रोजी ब्राझीलच्या क्रीडा महासंघाचे अध्यक्ष जोआओ हॅवलेंज यांनी राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून साल्दान्यांच्या नावाची घोषणा केली. देश चकित झाला. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, १३ डिसेंबर १९६८ रोजी लष्करी राजवटीने पाचवा संस्थात्मक अध्यादेश काढून संसद बंद केली होती. राजकीय कैद्यांना न्यायालयात दाद मागण्याचा हक्क उरला नव्हता, वृत्तपत्रांवर परीक्षक बसले होते. अशा वेळी सरकारच्या डोळ्यांसमोर एका ज्ञात कम्युनिस्टाच्या हाती देशातील सर्वाधिक लाडकी संस्था सोपवली जात होती. हॅवलेंज यांचा हिशेब व्यवहारी असल्याचे सांगितले जाते. सर्वांत कडक टीकाकारालाच प्रशिक्षक केले की पत्रकारांच्या टीकेची धार बोथट होईल आणि साल्दान्यांच्या लोकप्रियतेच्या आधाराने रुसलेले प्रेक्षकही परत येतील.

या निवडीचा स्वीकार करणे साल्दान्यांनाही सोपे नसावे. हुकूमशाहीच्या काळात राष्ट्रीय संघ विजयी झाला तर त्या विजयाचे श्रेय कोण लाटणार, हे न कळण्याइतके ते भाबडे नव्हते. परंतु ब्राझीलचा फुटबॉल हा गरीब वस्त्यांनी, रिकाम्या मैदानांनी, काळ्या आणि मिश्रवर्णी मुलांनी घडवला आहे. तो सरकारच्या मालकीचा नाही आणि केवळ राज्यकर्ते वाईट आहेत म्हणून तो त्यांच्या स्वाधीन करून टाकणे चूक ठरेल, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या पुढील सगळ्या वागण्याचा अर्थ या एका भूमिकेतून लागतो.

नियुक्तीच्या वेळीच त्यांनी बावीस नावे जाहीर केली आणि त्यांतले पहिल्या पसंतीचे अकरा कोण हेही सांगून टाकले. ब्राझीलमध्ये असे कधी घडले नव्हते. आपल्याला झुंजार श्वापदे हवी आहेत, असे ते म्हणाले आणि साल्दान्यांची श्वापदे हेच त्या संघाचे नाव पडले. संघरचनेमागचे तत्त्व सरळ होते. एकमेकांना ओळखणारे खेळाडू एकत्र खेळवावेत. पात्रता फेरीच्या मुख्य संघात सान्तोस क्लबचे सहा, बोताफोगोचे दोन आणि क्रुझेरोचे दोन खेळाडू होते. गोलरक्षक फेलिक्स फ्लुमिनेन्सचा. कर्णधार कार्लोस अल्बर्टो, मध्यरक्षणात पियाझा आणि गर्सन, आघाडीला जैरझिन्हो, टोस्टाओ, पेले आणि एडू. पेले आणि टोस्टाओ एकाच शैलीचे असल्याने एकत्र खेळू शकणार नाहीत, असे जाणकारांचे मत होते. साल्दान्यांनी ते मानले नाही.

जून १९६९ मध्ये विश्वविजेता इंग्लंड माराकानावर खेळायला आला. बराच वेळ पिछाडीवर राहिलेल्या ब्राझीलने अखेरच्या टप्प्यात टोस्टाओ आणि जैरझिन्हो यांच्या गोलांनी २-१ असा विजय मिळवला आणि लोकांचा विश्वास परत येऊ लागला. ऑगस्टमधील पात्रता फेरीत तर संघाने कहर केला. बोगोटात कोलंबियावर २-०, काराकासमध्ये व्हेनेझुएलावर ५-०, असुन्सिऑनमध्ये पॅराग्वेवर ३-०. मायदेशी परतल्यावर कोलंबियावर ६-२, व्हेनेझुएलावर ६-० आणि पॅराग्वेवर १-०. सहा सामने, सहा विजय, तेवीस गोल केले आणि केवळ दोन स्वीकारले. टोस्टाओने दहा गोल केले. रिओ, साओ पावलो, मिनास जेराइस आणि पोर्तो अलेग्रे यांच्यातली जुनी भांडणे काही आठवड्यांपुरती का होईना, विसरली गेली. तीन वर्षांपूर्वी ज्या संघाकडे लोकांनी पाठ फिरवली होती त्याच्यासाठी माराकाना ओसंडून वाहिले, तो हा काळ.

यशाचा हा आलेख लवकरच खाली वळला. पॅराग्वेवरील विजयानंतर तिसऱ्याच दिवशी बेलो होरिझोंतेत अ‍ॅटलेटिको मिनेरो या क्लबने राष्ट्रीय संघाला मैत्रीपूर्ण सामन्यात २-१ असे हरवले. विजयी गोल दारिओ या धिप्पाड आघाडीवीराचा होता. सप्टेंबरच्या अखेरीस क्लबच्या सामन्यात चेंडूचा फटका डोळ्यावर बसून टोस्टाओच्या नेत्रपटलाला इजा झाली. त्याला शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेतील ह्यूस्टनला न्यावे लागले आणि तो पुन्हा खेळेल की नाही याचीच शंका निर्माण झाली. युरोपचा दौरा करून साल्दान्या परतले ते तेथील धसमुसळ्या, शारीरिक बळावर भिस्त ठेवणाऱ्या खेळाची चिंता घेऊन. त्यांनी बचावफळीत आणि गोलरक्षकांत बदल केले. ज्या अकरा जणांच्या स्थैर्यावर प्रेक्षकांनी विश्वास टाकला होता, ते स्थैर्य त्यांनीच मोडले.

राजकीय हवामानही बदलले होते. ३० ऑक्टोबर १९६९ रोजी जनरल एमिलिओ मेदिसी राष्ट्राध्यक्ष झाले. लष्करी राजवटीचा सर्वांत क्रूर कालखंड त्यांच्या नावाने ओळखला जातो. हे मेदिसी साल्दान्यांच्याच राज्यातले आणि पक्के फुटबॉलवेडे. पोर्तो अलेग्रेच्या ग्रेमिओचे ते चाहते होते. कानाला ट्रान्झिस्टर लावून प्रेक्षागृहात बसलेला राष्ट्राध्यक्ष हे छायाचित्र राजवटीने मोठ्या खुबीने देशभर पोहोचवले. पाचच दिवसांनी, ४ नोव्हेंबर रोजी, सशस्त्र प्रतिकाराचे नेते कार्लोस मारिगेला यांना साओ पावलोच्या रस्त्यात पोलिसांनी गोळ्या घालून ठार केले. मारिगेला हे साल्दान्यांचे जुने सहकारी आणि मित्र. जानेवारी १९७० मध्ये विश्वचषकाच्या गटवारीच्या सोडतीसाठी साल्दान्या मेक्सिकोला गेले, तेव्हा ब्राझीलमधील राजकीय कैद्यांची आणि छळात मरण पावलेल्यांची माहिती त्यांनी सोबत नेऊन परदेशी लोकांच्या हाती दिली, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या पदावरून केलेले हे कृत्य राजवटीच्या दृष्टीने अक्षम्य होते.

याच सुमारास दारिओचा प्रश्न पुढे आला. राष्ट्राध्यक्षांना दारिओचा खेळ आवडतो, त्याला संघात घ्यावे, अशी कुजबुज वृत्तपत्रांतून सुरू झाली. पत्रकारांनी विचारले तेव्हा साल्दान्यांनी दिलेले उत्तर ब्राझीलच्या लोकस्मृतीत कायमचे राहिले आहे. राष्ट्राध्यक्षांनी आपले मंत्रिमंडळ निवडताना आपला सल्ला घेतला नव्हता, तेव्हा संघ निवडताना आपणही त्यांना विचारणार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. वाक्यरचना सांगणाऱ्यागणिक बदलते. खुद्द साल्दान्यांनीही ती अनेक प्रकारे सांगितली. आशय मात्र देशातल्या प्रत्येक माणसाला कळला. ज्या काळात राष्ट्राध्यक्षांविषयी एक वाकडा शब्द छापणे अशक्य होते, त्या काळात क्रीडापानावर तो छापून आला होता.

साल्दान्यांची हकालपट्टी केवळ या एका उत्तरामुळे झाली, असे मानणे मात्र एकांगी ठरेल. त्यांचा तापट स्वभाव त्यांच्या विरोधकांच्या कामी आला. ४ मार्च १९७० रोजी पोर्तो अलेग्रेत अर्जेंटिनाकडून ब्राझील ०-२ असा हरला. चार दिवसांनी माराकानावर त्याची २-१ अशी परतफेड झाली खरी. पण टीकेचा भडिमार थांबला नाही. फ्लामेंगोचे प्रशिक्षक युस्त्रिच यांनी साल्दान्यांवर जाहीर आणि जिव्हारी लागणारी टीका केली. १२ मार्चला साल्दान्या पिस्तूल घेऊन फ्लामेंगोच्या शिबिरात शिरले. युस्त्रिच तेथे नव्हते म्हणून अनर्थ टळला. त्यांच्या चाहत्यांनाही हे वागणे समर्थनीय वाटले नाही. त्यातच त्यांनी पेले यांच्या दृष्टिदोषाचा प्रश्न काढला आणि त्यांना संघाबाहेर ठेवण्याची भाषा केली. पेले जन्मतः अधू दृष्टीचे नव्हते, परंतु त्यांना दूरचे कमी दिसते हे वैद्यकीय नोंदींवरून आपल्याला कळले, असे साल्दान्या सांगत राहिले. ब्राझीलच्या जनतेला हे रुचणे शक्यच नव्हते. हुकूमशहाशी भांडणाऱ्या प्रशिक्षकाच्या मागे लोक उभे राहिले होते. पेलेशी भांडणाऱ्या प्रशिक्षकाच्या मागे उभे राहणे त्यांना जड गेले.

१४ मार्चला बांगू या लहान क्लबशी सराव सामन्यात १-१ अशी बरोबरी झाली. १७ मार्चला महासंघाने प्रशिक्षण समितीच विसर्जित झाल्याचे जाहीर केले. विसर्जित होऊन विरघळायला आपण आइस्क्रीम नव्हे, काढायचे असेल तर काढले असे स्पष्ट म्हणावे, अशी खोचक प्रतिक्रिया साल्दान्यांनी दिली. विश्वचषक स्पर्धा सुरू व्हायला तीन महिनेही उरले नव्हते. त्यांच्या जागी बोताफोगोत एकेकाळी त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या मारिओ झागालो यांची नेमणूक झाली. राजकीय दबाव किती आणि साल्दान्यांचे स्वतःचे दोष किती, यावर आजही ब्राझीलमध्ये एकमत नाही. या दोहोंपैकी एकच कारण पुरेसे ठरले नसते, इतके बहुधा म्हणता येईल.

झागालो यांनी रिव्हेलिनोला संघात आणले, क्लोदोआल्दोला मध्यरक्षणात स्थान दिले, पियाझाला बचावफळीत मागे घेतले आणि सल्ल्याबरहुकूम असो वा नसो, दारिओलाही बावीस जणांत घेतले. दारिओ मेक्सिकोत एक मिनिटही खेळला नाही. प्रस्थानापूर्वी बल्गेरियाविरुद्ध साओ पावलोत गोलशून्य बरोबरी झाली तेव्हा प्रेक्षकांनी या नव्या संघाचीही हुर्यो उडवली. परंतु मेक्सिकोत इतिहास घडला. ब्राझीलने सहाच्या सहा सामने जिंकले आणि २१ जून १९७० रोजी अझ्टेक मैदानावर इटलीला ४-१ असे नमवून तिसऱ्यांदा विश्वचषक पटकावला. अंतिम सामन्यात खेळलेल्या अकरा जणांपैकी फेलिक्स, कार्लोस अल्बर्टो, पियाझा, गर्सन, जैरझिन्हो, टोस्टाओ आणि पेले हे सात जण साल्दान्यांच्या पात्रता फेरीच्या संघातले होते. पत्रकार कक्षात बसून साल्दान्या त्या सामन्यांचे विश्लेषण करीत होते.

त्या जून महिन्यात ब्राझीलच्या तुरुंगांत एक विलक्षण पेच उभा राहिला होता. राजकीय कैद्यांनी नंतर सांगितलेल्या आठवणींतून तो दिसतो. हा संघ जिंकला तर मेदिसी आणखी बळकट होणार, तेव्हा त्याच्या पराभवाची इच्छा करावी, असा काहींचा आग्रह होता. पहिला सामना कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियाशी असल्याने तर या युक्तिवादाला आणखी जोर आला. चेकोस्लोव्हाकियाने पहिला गोलही केला. मग रिव्हेलिनोच्या फ्री किकने बरोबरी साधली, पेले आणि जैरझिन्हो यांनी गोल केले आणि कोठड्यांमधला निर्धार वितळून गेला. पुढे २०११ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या डिल्मा रुसेफ त्या वेळी साओ पावलोच्या तुरुंगात होत्या. कैद्यांमधील हा वाद आणि त्याचा असा शेवट त्यांनीही सांगितला आहे. ज्यांना या राजवटीने छळले, त्यांनीही आपल्या संघाचा त्याग केला नाही. साल्दान्यांची भूमिका याहून वेगळी नव्हती.

राजवटीने मात्र अपेक्षेप्रमाणे हा विजय आपल्या खात्यावर जमा केला. ब्राझिलियात मेदिसी यांनी चषक हाती धरून छायाचित्रे काढून घेतली. स्पर्धेसाठी रचलेले गाणे सरकारी प्रचाराचे गाणे झाले. हॅवलेंज यांच्यासाठी तर तो चषक शिडी ठरला. १९७४ मध्ये ते जागतिक फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले आणि १९९८ पर्यंत त्या पदावर राहिले. लाचखोरीच्या चौकशीनंतर २०१३ मध्ये त्यांना मानद अध्यक्षपद सोडावे लागले. प्रशिक्षकपद गमावलेल्या साल्दान्यांच्या वाट्याला पद, पैसा किंवा चषक यांपैकी काहीच आले नाही.

उरलेली वीस वर्षे त्यांनी लिहिण्याबोलण्यात घालवली. खेळाडूंची घाऊक निर्यात, क्लबांचा भ्रष्ट कारभार, तिकिटांचे वाढते दर, शहरांतल्या मोकळ्या मैदानांवर उठणाऱ्या इमारती यांवर त्यांनी सातत्याने टीका केली. मुलांना खेळायला माती उरली नाही तर पुढचा गॅरिंचा कोठून येणार, ही त्यांची चिंता होती. १९८५ मध्ये लष्करी राजवट संपली, कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठली आणि त्याच वर्षी ते रिओच्या उपमहापौरपदाची निवडणूक लढले. ती ते हरले. पण ज्या पक्षासाठी त्यांनी अर्धे आयुष्य लपूनछपून काम केले, त्याच्या नावाने उघडपणे मते मागण्याचे समाधान त्यांना मिळाले.

अखंड धूम्रपानाने त्यांची फुप्फुसे निकामी होत आली होती. तरीही १९९० चा विश्वचषक जवळ आला तेव्हा त्यांनी कोणाचे ऐकले नाही. चाकांच्या खुर्चीतून ते इटलीला गेले आणि दूरचित्रवाणीसाठी समालोचन करीत राहिले. ब्राझील त्या स्पर्धेत अर्जेंटिनाकडून हरून उपउपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडला. अंतिम सामन्यानंतर चार दिवसांनी, १२ जुलै १९९० रोजी, रोममध्ये साल्दान्या यांचे निधन झाले. वय त्र्याहत्तर वर्षे. त्यांचा देह रिओला आणण्यात आला.

साल्दान्यांनी उपस्थित केलेला प्रश्न त्यांच्यानंतरही मिटलेला नाही. लष्करी राजवटीत मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या ४३४ जणांची नावे राष्ट्रीय सत्यशोधन आयोगाने २०१४ मध्ये आपल्या अहवालात नोंदवली. त्याच दशकात राष्ट्रीय संघाची पिवळी जर्सी राजकीय मोर्चांचा गणवेश बनली. जैर बोल्सोनारो यांच्या समर्थकांनी ती इतक्या प्रमाणावर वापरली की अनेक फुटबॉलप्रेमींना ती अंगात घालणे नकोसे झाले. ८ जानेवारी २०२३ रोजी ब्राझिलियातील संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर चाल करून गेलेल्या जमावातही त्या जर्सी मोठ्या संख्येने होत्या. ही जर्सी टाकून द्यावी की परत मिळवावी, असा वाद तेथे झाला तेव्हा ती परत मिळवावी असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला साल्दान्यांचे उदाहरण होते. सत्ता येते आणि जाते, जर्सी मात्र ती घालून खेळणाऱ्यांची आणि तिच्यासाठी ओरडणाऱ्यांची असते, या विश्वासावर त्यांनी आपले तेरा महिन्यांचे प्रशिक्षकपद चालवले आणि त्याच विश्वासापायी ते पणाला लावले.